अनुमोदक: सौ. विमल

२६ जानेवारी १९६१

ही डायरी खरी यांची. आमच्या पिठाच्या चक्कीच्या इंजिनाच्या कंपनीने नव्या वर्षाची म्हणून पाठवली. यांना लिहिण्याचा कंटाळा, त्यामुळे पंचवीस दिवस ती पिठाच्या पिंपावर पडून होती. आज मी पदराने पुसून घेतली. "तुले कायले पाह्यजे?" म्हणाले. म्हटलं, "पंच हाय मी. पंचाजवळ डायरी नको?" हसले. हसू देत.

ग्रामपंचायतीची पंच होऊन मला चार महिने झाले. निवडणूक अशी झालीच नाही. पारावर मोठी माणसं बसली, चहा झाला, नावं ठरली आणि बिनविरोध म्हणून वर कळवलं. बायांसाठी जागा राखून ठेवायचा कायदा आहे म्हणे. एका जागेवर सरपंचांच्या आत्याबाई, त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. दुसरीवर मी, कारण मी सातवी पास आणि सरपंचांच्याच घरातली. सरपंच सदाशिवराव म्हणजे यांचे चुलत मोठे भाऊ, माझे भासरे. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी त्यांच्यापुढे तोंड उघडलेलं नाही. ते ओसरीवर आले की पदर नाकापर्यंत ओढायचा आणि आत जायचं. काही सांगायचंच असलं तर मी यांना सांगते आणि हे त्यांना सांगतात. ते तीन हातांवर बसलेले असतात तरीही.

आज झेंडावंदनाला माझ्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची मांडली होती. शेजारच्या खुर्चीत भासरे, म्हणून मी बसले नाही, खांबाला टेकून उभी राहिले. पण खुर्ची होती. सगळ्यांनी पाहिली.

९ फेब्रुवारी

आज पंचायतीची सभा झाली. मला सभेला जावं लागत नाही. सभा आटोपली की शिपाई धावजी रजिस्टर घेऊन घरी येतो आणि मी सही करते. भासऱ्यांनीच तसं लावून दिलं आहे, "घरच्या सुनेले कायले हेलपाटे" म्हणून. बाकीच्यांना शाळेत जाऊन सतरंजीवर ताटकळावं लागतं, मला सभा घरपोच.

धावजी ओट्यावर चहा पीत होता. मी विचारलं, "हजेरी घेतात का तिथं?"

"घेतात ना. सचिव नाव वाचते, ज्याचं त्यानं हजर म्हणा लागते."

"माझं नाव वाचतात?"

"वाचतात. सरपंचसाहेबच हजर म्हनतात तुमच्या वाटचं."

धावजी गेल्यावर मी बराच वेळ त्या हजेरीचाच विचार करत होते. माहेरी मला विमे म्हणत. इथे मी सुनबाई, वहिनी, आणि यांच्या तोंडी नुसतं "ऐक व". अकरा वर्षांत कुणा पुरुषाने माझं नाव मोठ्याने घेतलं नाही, आणि महिन्यातून एकदा ते शाळेच्या खोलीत सगळ्या माणसांपुढे घेतलं जातं. मी तिथे नसते. एकदा तरी ऐकायला मिळावं असं फार वाटलं. दाराआडून चाललं असतं.

२ मार्च

उजाडायच्या आत आम्ही निघतो. मी, शेजारची जोहराबी, मैनाबाई आणि वाटेत मिळतील त्या. गावाच्या उगवतीला बाभळी-बोरींचं दाट रान आहे. आम्ही बाया त्याला नुसतं बोरी म्हणतो. तीच आमची गोदरी, परसाकडेला जायची जागा. लिहायला लाज वाटते, पण डायरी कोण वाचणार? पहाटे एकदा आणि दिवेलागण झाल्यावर एकदा, एवढंच. मधे जीव गेला तरी जायचं नाही. आजेसासूच्या काळापासून ती जागा बायांची. कुठे लिहिलेलं नाही, कुणी कुणाला सांगितलेलं नाही. एखादा गडी त्या वाटेने आलाच तर लांबूनच खाकरतो, बैलावर उगाच ओरडतो, आणि आम्ही पदर ओढून घेतो.

पण खरं सांगायचं तर मला ती वेळ आवडते. परत येताना कुणालाच घाई नसते. तिथे सासू नाही, नवरा नाही, चूल नाही. कुणाचं सासरी जमत नाही, कुणाला चौथी मुलगी झाली म्हणून जेवण मिळालं नाही, सगळं तिथेच कळतं. जोहराबी बांगड्या भरते, गावातला प्रत्येक हात तिने धरलेला आहे, पण घरात बोलायची सोय नसते. बोरीतून येताना तिची जीभ सुटते. आज म्हणाली, "गौहरले तिसरा महिना लागला, विमलताई. पहिलं बाळंतपण माह्याच घरी. मी आतापासूनच झबले शिवून राह्यली." गौहर तिची एकुलती एक, यवतमाळला दिलेली. मैनाबाई म्हणाली, "पोरगी होईन पाय. तुह्यासारखी बडबडी." उजाडेपर्यंत हसत होतो.

१४ मार्च

आज रजिस्टरात माझं पूर्ण नाव होतं! सहीसाठी नाही, ठरावातच. "गावाच्या पूर्वेकडील सर्व्हे नंबर ४७ ही पडीक जमीन साफ करून तेथे पंचायत घर बांधण्यात यावे. सूचक: श्री. सदाशिवराव. अनुमोदक: सौ. विमल," पुढे यांचं नाव, ते इथे लिहीत नाही. सचिव घनश्यामजींचं अक्षर फार वळणदार आहे. माझं नाव लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच एवढं सुरेख लिहिलेलं पाहिलं. त्यावरून हळूच बोट फिरवलं, शाई अजून ओली होती, थोडी फिसकटली.

धावजीला म्हटलं, "कोणती जागा रे ही?"

"तिकडचीच, बाई. काट्याकुट्या हाय नुसत्या." तो कपातच पाहत होता.

पूर्वेला खळवाडीपासून नाल्यापर्यंत पडीकच पडीक आहे. बांधू देत. पंचायतीला स्वतःचं घर हवंच. तिथे कदाचित बायांना बसायला वेगळी खोली असेल, मग मलाही जाता येईल. यांचा दौत-टाक घेऊन ठसठशीत सही केली.

२२ एप्रिल

आज पहाटे गेलो तर बोरी नव्हती.

काल दिवसभर कुऱ्हाडींचा आवाज येत होता. मला वाटलं, कुणाच्या तरी शेताच्या धुऱ्यावर तोडतात. दिवेलागणीला त्या वाटेवर गडी दिसले, म्हणून आम्ही गेलोच नाही. पहाटे पाहतो तर नाल्यापर्यंत सगळं उघडं. बाभळींचे बुंधे पांढरे दिसत होते. आम्ही अकरा-बारा बाया तिथे नुसत्या उभ्या. गावातली घरं तिथून दिसतात हे मला आजच कळलं. मग उजाडू लागलं आणि आम्ही तशाच परतलो.

दहा वाजता धावजी चक्कीवर त्याच्या घरची ज्वारी घेऊन आला. मी विचारलं, "बोरीतल्या जागेचा नंबर कोणता?"

"सत्तेचाळीस," म्हणाला.

मी आत जाऊन बसले. मीच अनुमोदन दिलं आहे. माझ्याच हाताने, एवढ्या हौसेने.

२५ एप्रिल

चक्कीवर बायांची रांग असते तेव्हा इंजिनापेक्षा त्यांचाच आवाज जास्त. आज सगळ्या गप्प. माझ्याकडे पाहून पाट्या पुढे सरकवायच्या, पीठ घ्यायचं, जायचं. धावजीच्या बायकोने सांगितलं असणार. एकटी मैनाबाई बोलली. ती दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते, कुणाला भीत नाही. "काहून व विमल, तुले त आमीच पंच केलं म्हनून मिरवत होतो."

मी सांगितलं की मला नंबर कळला नाही. कागदावर बोरी असं लिहिलेलं नव्हतं.

"कागदावर कसं राहीन? लिवनाऱ्याइले कुठी मालूम हाय!" ती म्हणाली.

तेच खरं आहे. ते माझ्याही मनात आलं होतं. पुरुषांना बिचाऱ्यांना याचा पत्ताच नाही. त्यांना ती पडीक जागा दिसली, कारण त्यांच्यासाठी ती पडीकच होती. आम्ही कधी बोललो नाही, मग त्यांना कळणार कसं? माणसं वाईट नाहीत. कुणीतरी एकदा सांगायचा अवकाश. आणि सांगायला कुणी असेल तर ती मी. त्यासाठीच तर जागा राखून ठेवली आहे. हे डोक्यात आलं तेव्हा चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

२७ एप्रिल

यांना सांगायला गेले. "ती जागा तोडली ना, तिथं आमी बाया..." एवढंच म्हटलं. यांना एकदम इंजिनाचा पट्टा आठवला. उठून गेले ते दुपारी जेवायलाच आले. बिचारे, त्या पट्ट्याने फार त्रास दिला आहे.

मोठ्या जाऊबाईंकडेही जाऊन आले. पण सरपंचांच्या घरी मागच्या अंगणात संडास बांधलेला आहे, त्यांना बोरीची वाटही आठवत नाही. म्हणाल्या, "सकाळी फिरनं चांगलंच असते." भरपूर साखरेचा चहा दिला.

३० एप्रिल

सचिव घनश्यामजींना बोलावून घेतलं. तरुण माणूस आहे, वर्धेकडचा. ओट्यावर बसले, मी दाराच्या आत. म्हणाले, "तीन महिने ठराव फिरवता येत नाही, बाई. नंतर येते, पण कारण लिहा लागते. काय कारण लिहू?"

"बायकांची गैरसोय," मी म्हटलं.

"कोनती गैरसोय?"

मी उंबऱ्यावरचं पीठ पुसत राहिले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, टोपण लावलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ऊन फारच आहे सध्या. म्हणाले, "तुमी सभेतच बोला ना, बाई. तुमाले हक्क हाय." मग पाणी पिऊन गेले.

मला हक्क आहे. हे कुणी मला तोंडावर पहिल्यांदाच सांगितलं.

४ जून

येत्या सभेला जायचं ठरवलं. चक्कीवर बाया पुन्हा बोलायला लागल्या आहेत. प्रश्न एकच, कोणत्या शब्दात सांगायचं? आज त्यावर दोन तास चर्चा झाली. पंचायतीत होत नसेल अशी.

मैनाबाई म्हणाली, "त्यात काय हाय? सरळ म्हन, आमी हागाले कोठी जावं?" बाया इतक्या हसल्या की एकीची पाटी सांडली. जोहराबीने सुचवलं, "पडद्याची जागा म्हना. इज्जतदार लफ्ज हाय." दुसरी म्हणाली, "मंग ते पडदा लावून देतीन अन् मोकये होतीन." शेवटी "बायकांच्या सोयीची जागा" यावर एकमत झालं.

मग बाया म्हणाल्या, म्हणून दाखव. मला जमेना. सदाशिवराव समोर आहेत असं मनात आणलं की हात आपोआप पदराकडे जायचा. तेवढ्यात इंजिन सुरू झालं. त्या धडधडीत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. मी पट्ट्याजवळ उभी राहून ओरडले, "सरपंचसाहेब! बोरी ही बायकांच्या सोयीची जागा होती! ती आम्हाला परत द्या!" दहा वेळा ओरडले. बाया पीठभरल्या हातांनी टाळ्या वाजवत होत्या.

१५ जून

गेले होते.

शाळेच्या खोलीत मी शिरले तशी माणसं एकदम नीट बसली. कुणी विडी विझवली. दाराजवळ माझ्यासाठी वेगळी चटई टाकली. घनश्यामजींनी हजेरी घेतली. "सौ. विमल," म्हणाले आणि पुढे पूर्ण नाव. मी ते ऐकलं. पण हजर म्हणायच्या आतच भासरे म्हणाले, "हाय."

पुढे काय झालं ते नीट लिहिता येत नाही. बोलायचं म्हणून मी हात वर केला की पदर सावरला, मलाच सांगता येणार नाही. भासऱ्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "सुनबाईले काही म्हनाचं हाय का?" सगळी माणसं खाली बघत होती. एकानेही वर पाहिलं नाही, इतकी चांगली माणसं. पदराच्या आत ओठ हलत होते, आवाज नव्हता. भासरे म्हणाले, "बरं. धावजी, सुनबाईले घरी पोचव. अंधारून येईन."

दहा मिनिटांची सभा. घरी येऊन रडले. कुणी मला अडवलं असतं तर भांडले असते. कुणी अडवलंच नाही.

१७ जून

धावजीने रजिस्टर आणलं. त्यात लिहिलं आहे, "सौ. विमल यांनी जातीने उपस्थित राहून पंचायत घराच्या कामाबद्दल समाधान व्यक्त केले."

सही केली. न करून काय सांगणार होते? मी तिथे काहीच बोलले नाही, हे लिहून घ्या म्हणून?

२० ऑगस्ट

पावसाने नाला भरला आहे, पलीकडे जाता येत नाही. आता आम्ही सडकेकडे जातो. लांब पडतं, आणि पहाटे घाटंजीकडचे ट्रक येतात. उजेड अंगावर आला की सगळ्यांनी उठून उभं राहायचं, गेला की बसायचं. मैनाबाई म्हणते, "कवायत हाय सरकारी." बाया दुपारनंतर पाणी पीत नाहीत. मीही नाही.

परत येताना कुणी बोलत नाही. चिखल, अंधार, घराची घाई. गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या मुलीचं लग्न ठरलं ते मला पत्रिका आली तेव्हा कळलं. बोरीत असतो तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. कधी कधी चूल पेटवताना मला त्या वाटेची इतकी आठवण येते की लाज वाटते. माहेरचीसुद्धा एवढी येत नाही.

३ सप्टेंबर

गौहर जुलैपासून जोहराबीकडे होती, आठवा संपत आला. पोर चांगली, हसरी, पण पार वाळली. रात्री जेवतच नाही. जोहराबी भाकरी पुढे करते, ती म्हणते, "नको अम्मी, मंग पहाटे जा लागते." परवा सडकेवर उजेड आला, घाईने उठायला गेली आणि कलंडली. मैनाबाईने धरलं म्हणून बरं.

आज तिचा नवरा येऊन तिला यवतमाळला घेऊन गेला. त्यांच्या घरी संडास आहे. पहिल्या बाळंतपणाची मुलगी आठव्या महिन्यात माहेराहून परत जाते, असं मी कधी ऐकलं नव्हतं. एसटी सुटेपर्यंत जोहराबी खिडकीत हात घालून गौहरच्या बांगड्या चाचपत राहिली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "माह्या घरात सगळं होतं, विमलताई. तूप होतं, खारीक होती, झबले शिवले होते. बसाले जागा तेवढी नव्हती."

मला एक शब्दही बोलली नाही ती, ठरावाबद्दल. बोलली असती तर बरं झालं असतं.

६ ऑक्टोबर

गौहरला मुलगी झाली. जोहराबीला चार दिवसांनी पोस्टकार्डाने कळलं. मीच वाचून दाखवलं. तिने ते तीनदा वाचायला लावलं आणि झबल्यांची पिशवी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आता हे होतीन का तिले? का लहान पडतीन?"

फेब्रुवारी १९६२, मतदानाचा दिवस

डायरीची पानं संपली, मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे.

नव्या पंचायत घरात मतदान झालं. पांढराशुभ्र चुना, दारावर आंब्याची पानं. बायांची रांग नाल्यापर्यंत होती. ज्या जागेवर आम्ही वर्षापूर्वी अंधारात येत होतो तिथेच भर उन्हात नवी लुगडी नेसून उभ्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. गेला महिनाभर जीप फिरत होती, कर्ण्यातून सांगत होती, राज्य तुमचं आहे, मालक तुम्ही आहात. ऐकायला छान वाटतं. मुंबईत आमचा माणूस, दिल्लीत आमचा माणूस, आणि गावात तर आमची माणूस मीच.

माझी पाळी आली. बोटाला शाई लावली, कागद आणि शिक्का दिला आणि गोणपाटाच्या आडोशामागे जायला सांगितलं. आत गेले. तीन बाजूंनी गोणपाट, वर छत, आणि मी एकटी. बाहेर माणसं बोलत होती, पण मला कुणी पाहत नव्हतं. इतकं मोकळं वाटलं की शिक्का मारून झाल्यावरही मी तशीच उभी राहिले. "बाई, झालं का?" साहेब बाहेरून म्हणाले. मला निघवत नव्हतं.

पंचायत घराच्या मागे एक संडास बांधला आहे, मतदानाच्या साहेबांसाठी. त्याला कुलूप. किल्ली धावजीकडे. मैनाबाई जेवायच्या वेळेपासून रांगेत होती, पावणेपाचच्या सुमाराला तिला राहवेना. धावजीकडे किल्ली मागितली. तो म्हणाला, "मावशी, माह्या हातात नाई." ती नाल्यापलीकडे गेली. तिचे गुडघे दुखतात. परत आली तोवर पाच वाजून दार लागलं होतं. साहेबांनी घड्याळ दाखवलं. मैनाबाई बोटाला शाई नसलेला हात वर करून हसली आणि म्हणाली, "जाऊ द्या. माह्या एका मतानं काय अडलं?" पण वाटेत ती रडली. मी तिच्याबरोबर होते, मी पाहिलं.

४ मार्च १९६२

आज सकाळी सदाशिवराव आमच्या ओसरीवर आले. हे शेजारी बसले होते. मी चहा घेऊन गेले. नेहमीसारखा कप खाली ठेवून आत वळायचं. वळले नाही. त्यांना काय म्हणून हाक मारायची तेही मला माहीत नव्हतं, कधी मारलीच नाही.

"सरपंचसाहेब," मी म्हटलं. यांनी कप खाली ठेवला. "पंचायत घर बांधलं ना, ती आमची बायांची गोदरी होती. आता आमाले जागा नाही. आमी सडकेवर जातो. गौहर परत गेली, मैनाबाईचं मत गेलं."

इंजिन बंद होतं. प्रत्येक शब्द ऐकू गेला.

त्यांनी कप उचलून बशीत चहा ओतला. मग यांच्याकडे वळून म्हणाले, "तिले सांग, मले मालूम होतं."

हे खाली बघत होते.

"सगळ्याइलेच मालूम होतं," ते म्हणाले. रागाने नाही, अगदी समजुतीच्या सुरात. "आमी का गावात राहत नाही? पन बायाइपैकी एकीनंही तोंड उघडलं नाही. तिनं त सही केली, सभेत येऊन बसली, काही बोलली नाही. मी समजलो, बायाइनं दुसरं काही पाह्यलं असन. पाहू आता. पुढच्या साली पाहू." चहा पूर्ण प्यायले आणि गेले.

मी यांना विचारलं, "तुमालेही मालूम होतं?" यांनी होय म्हणून मान हलवली.

म्हणजे पट्टा आठवला तेव्हा यांना माहीत होतं. घनश्यामजींना माहीत होतं. सभेत सगळी माणसं खाली बघत होती तेव्हाही माहीत होतं. वर्षभर मला वाटत होतं, त्यांच्यात आणि आमच्यात फक्त एक शब्द आहे. तो एकदा तोंडातून निघाला की सगळं नीट होईल. त्या शब्दाच्या आशेवर मी किती सुखात होते ते आज कळतं आहे. ते दिवस परत मिळाले तर मी पुन्हा इंजिनाजवळ उभी राहून ओरडायला तयार आहे.

५ मार्च

बायांना कळलं होतं की मी भासऱ्यांपुढे बोलले. चक्कीवर आज गर्दी. मैनाबाई, जोहराबी, सगळ्या. पाट्या बाजूला ठेवून माझ्याभोवती बसल्या.

"बोलली ना? खरंच बोलली?" जोहराबीने माझे दोन्ही हात धरले. "काय म्हने ते?"

मी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्या माझ्याकडे अशा पाहत होत्या की काय सांगू.

"म्हणाले, माहीत नव्हतं," मी म्हटलं. "म्हणाले, कोणी सांगितलंच नाही आम्हाला."

"पाय! मी म्हनत नव्हती?" मैनाबाईने मांडीवर थाप मारली. "पुरुषाइले कोठून मालूम असन! आता मालूम झालं, आता करतीन." बाया एकदम बोलायला लागल्या, कुठे जागा मिळेल, किती उंच भिंत हवी, दोन दारं हवीत की एक. जोहराबी म्हणाली, पुढचं बाळंतपण तरी गौहरचं इथेच करीन. बोरीतून परत येताना व्हायचा तसा गलका झाला.

मैनाबाई उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "पुढच्या टायमालेही तूच राह्यजो, माय. तू आमचं बोलली."

मी हो म्हटलं आणि यांना इंजिन सुरू करायला सांगितलं.